विसण

सप्टेंबरपासून आमच्या घरात पाणी तापत नाही.
म्हणजे तापतं, पण नळाला येईस्तोवर
त्याचं मन बदलतं.
स्वयंपाकघरात क्षणभर कढत, मग कोमट,
वरच्या बाथरूममध्ये नुसतंच ओलं.

विभावरी टॉवेल गुंडाळून जिन्याच्या तोंडाशी येते,
खांद्यावर साबण तसाच,
आणि मला नाही, घराला उद्देशून बोलते.
बाहेर एरी सरोवरावरून वारा सुटलाय.
बर्फ अजून नाही, त्याचा वास आहे.

स्टॅन कोवाल्चिक दोनदा येऊन गेला.
पहिल्यांदा टाकीच्या बुडातून त्याने बादलीभर चुना काढला,
अंड्याच्या टरफलांसारखा.
दुसऱ्यांदा आतली गार पाण्याची नळी बदलली,
दोनशे चाळीस डॉलर घेतले,
आणि टाकीच्या पोटावर थाप मारून म्हणाला,
"हिला काही झालेलं नाही."
डॉक्टरही असंच म्हणतात, आणि आपण घरी येऊन
होतो तसेच राहतो.

मी कळ फिरवली. एकशे वीसवरून एकशे तीस.
मग एकशे चाळीस.
कोमटपणा थोडा वर सरकला, इतकंच.

रविवारी तळघरात उतरलो,
बॅटरी दातांत धरून, पाइपांना पालथा हात लावत.
टाकीपाशी चटका.
जिन्याखाली चटका.
कपडे धुण्याच्या सिंकला वळसा घालून पुढे गेलेला तोच तांब्याचा पाइप
गार.
मधे फक्त चार हात.

मग टाकीत येणारं पाणीच बंद केलं
आणि वर जाऊन गरम नळ सोडला.
दम लागून थांबायला हवा होता.
तो वाहत राहिला, निवांत, थंडगार.
म्हणजे कुठूनतरी, कोणीतरी,
न विचारता, अख्ख्या घराला
विसण घालत होतं.

किती वर्षांनी हा शब्द तोंडात आला.
इथे त्याला कामच नाही.
दांडा एकच, डावीकडे गरम, उजवीकडे गार,
मधलं काय ते नळाने आपापसात मिटवायचं.
कऱ्हाडला काका बंबातलं पाणी बादलीत काढून
वर विसण घालायचे, आणि हमखास जास्त घालायचे,
आणि मग म्हणायचे, गार पाण्याने माणूस चपळ होतो.

सिंकवर एक हातशॉवर आहे. केतकीने लावलेला,
शाळेच्या शेवटच्या वर्षी, केस निळे करायला.
टबाला डाग पडतात म्हणून
विभावरीने तिला खाली हाकललं होतं.
दोन्ही नळ पूर्ण सोडलेले, गरमही, गारही,
आणि शॉवरच्या मानेवरचं बटण तेवढं बंद.
बाहेर पडायला वाट नाही, म्हणून पाणी आतल्या आत
इकडचं तिकडे जात होतं,
ऑगस्टच्या एकवीस तारखेपासून.
त्या दिवशी तिला पिट्सबर्गला सोडून परतताना
गाडीत कोणीच रेडिओ लावला नव्हता.

आधी गार बंद केला, मग गरम.
वॉशर कुरकुरला. एवढंच होतं.
सिंकच्या कडेला निळा ओघळ वाळलेला.
मी ब्रश शोधला. सापडलाही.
परत होता तिथे ठेवला.

रात्री तिचा फोन आला. सांगितलं नाही.
सॉरी बाबा म्हणाली असती, आणि मला ते नको होतं.
काय करताय, तिने विचारलं.
काही नाही, म्हटलं, प्लंबिंग.
ती हसली. तुम्ही?

सोमवारी सकाळी साडेसहाला वरून किंकाळी.
"अहो! भाजलं मला!"
एकशे चाळीस. मी विसरूनच गेलो होतो.
चप्पल न घालता तळघराकडे धावलो,
अर्ध्या जिन्यात थांबलो.
वर दांडा थोडा उजवीकडे वळल्याचा
आवाज आला.